सटवाईला दिलेला शाईपेन

आत्या अशा वरडल्या की पोरीच्या तोंडातनं दूधच सुटलं. मला वाटलं साप निघाला. भीमेच्या कडंला घर, उन्हाळ्यात पाणी आटलं की जनावर वर येतंयच, म्हणून मी पोरीला छातीशी आवळून बाजंवर पाय वर घेतलं, टाक्याला कळ लागली, तशीच वरडले, "कुठंय? कुठंय?" तर आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, पाट्यापाशी बसलेल्या, एक हात कपाळाला आन् एका हाताचं बोट नुसतं दावतायत. साप न्हाई. कागद. आदल्या सांजंला पाचवी पुजली तवा सटवाईपुढं कोरा कागद ठिवला व्हता, त्यो कोरा राहिला न्हवता. मधोमध तळहाताएवढा निळा डाग, कडंनं काळपट, आन् त्याचं वघळ पार पाट्यावर गेलेलं, हळदीत, कुंकवात. माझा शाईपेन त्यातच आडवा. निबच्या टोकाला अजून एक थेंब लोंबत व्हता.

"भरलं गं बाई, पोरीचं कपाळ भरलं," आत्या म्हणल्या. "सटवाईनं काळं केलं."

ज्यांच्यात पाचवी करत न्हाईत त्यांना सांगते. मूल झालं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडायचा, कणकीचा दिवा लावायचा, लिंबू, सुई, घुगऱ्या, आन् कोरा कागद नि पेन ठिवायचा. सटवाई येती आन् मुलाच्या कपाळावर त्याचा जन्माचा लेख लिहून जाती. तिचं लिहिणं आपल्याला दिसत न्हाई. सकाळी कागद कोराच असायला पायजे, त्याची घडी करून पोराच्या उशाखाली ठिवायची. आमचा कोरा न्हवता. आन् त्यो पेन माझा व्हता, माझ्या हट्टानं ठिवलेला. आत्या रडत व्हत्या आन् मी त्या पेनाकडं बगत व्हते, आन् खरं सांगते, क्षणभर मी वडगावात न्हवतेच. राहूत व्हते, माहेरी. सातवीच्या वर्गात, खिडकीपाशी.

राहू म्हंजी उसाचं गाव, गुऱ्हाळाचं. दिवाळी सरली की समदीकडं गुळाचा वास, कापडाला, वहीला, डोक्याच्या केसालासुदिक. आमच्या घरात त्यात मेंढराचा वास मिसळायचा. आबांनी, माझ्या वडलांनी, कवाच कळप मोडला, रानात ऊस लावला, पण पाच-सहा मेंढरं दाराशी राहिलीच, मोडवत न्हवतं त्यांना. माळ्यावर लोकरीची पोती. थंडीत आम्ही त्याच पोत्याला टेकून अभ्यास करायचो. आन् ह्या समद्या वासात एक वास माझा एकटीचा, शाईचा. थंड वास. लोखंडाला जीभ लावली की लागतंय ना, तसला.

पेन आबांनी दौंडाहून घेतला. मी संगट व्हते. बाजारचा दिस, स्टेशनाच्या अंगाला वह्यांचं दुकान, आन् मागं पॅसेंजर गाडी निघायची शिट्टी मारतीय. दुकानदारानं काचंवर मूठभर पेन वतलं, समदं स्वस्तातलं, लाल, हिरवं, काळं. आबांना लिहिता-वाचता येत न्हाई. त्यांनी एकेक पेन उचलला, टोपण काढलं, उजेडाकडं धरून निब निरखली, अंगठ्यानं दाबून बगितली, मेंढरू घेताना त्याचं तोंड उघडून बगत्यात अगदी तसं. मग हिरवा माझ्या हातात दिला. "ह्यो घे. दात बरं हाईत ह्याचं." दुकानदार हसला. आबा न्हाई हसलं, त्यांनी खरंच तपासला व्हता.

आमच्या मराठीच्या बाई कडक. शाईपेनच पायजे, रिफिलनं अक्षर नासतंय म्हणायच्या. दर सोमवारी पेन धुयाचा. निब उपसायची, खालची काळी जीभ उपसायची, नळाखाली धरायचं, आन् निळं पाणी मोरीतनं शाळंच्या बागंत जायाचं. बागंतल्या एका कर्दळीचं पान निळं येणार म्हणून आम्ही वरीसभर वाट बगितली. ड्रॉपरनं शाई भरायची, सांडली तर त्यावर खडू लोळवायचा, खडू शाई पिऊन पार निळा. बोटं डोक्याला पुसायची. माझ्या शेजारी मंदा बसायची, तिची शाई रोज संपायची. "दोन थेंब दे की गं," म्हणायची, आन् मग आम्ही निबला निब लावून थेंब पाडायचो, श्वास धरून, पाखराला चारा भरवावा तसं. बाई म्हणायच्या, "पोरींनो, भरायचा तर गळ्यापर्यंत भरा. अर्धा पेन तापला की रडतो." आतली हवा तापून फुगती आन् शाईला भाईर ढकलती, असं त्यांनी फळ्यावर चित्र काढून दावलेलं. ते चित्र मला अजून काढता येतंय.

नवीन पेन पहिल्यांदा खरडतोय, कागद फाडतोय. मग हळूहळू तुमच्या हाताला वळतोय. महिन्याभरात निब माझ्याच कलानं झिजली, मंदाला दिला तर तिला चालंना. त्या पेनला माझाच हात लागायचा. घरात माझं म्हणावं असं दुसरं काय व्हतं? ताट सामाईक, घोंगडं सामाईक, झंपर बहिणीचा.

नववीच्या सहामाहीनंतर शाळा सुटली. का ते इचारू नका. मलाच कुणी नीट सांगितलं न्हाई. एक दिस खुंटीला दप्तर व्हतं, दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीला खुरपं व्हतं. बाईंनी दाखल्यावर सही केली आन् म्हणल्या, "अक्षर फार सुंदर आहे गं तुझं." सुंदर व्हतं तर सही का केली? आबांनी दात बगून पेन घेतला आन् दोन वरसात त्याला उपाशी ठिवला. मी तवा कुणाव रागावलेच न्हाई. आता येतोय राग. उसाला पाणी देताना, भाकरी थापताना, कवा बी येतोय, आन् आला की कढत दुधागत वर येतोय.

आई व्हती तवा एकदा हसत हसत म्हणलेली, "तुझ्या पाचवीला घरात पेन कुणाकडं व्हता? चुलीतला कोळसा ठिवला. सटवाईनं लिहिलं असंल, पण कोळशाचं ते, पुसून गेलं." तिनं थट्टा केली. माझ्या मनात ते तसंच बसलं. पुढं आई गेली, ज्या वर्षी गेली त्याच वर्षी माझं लगीन झालं, आन् मी भीमा वलांडून वडगावला आले. येताना ट्रंकंत पेन, शाईची बाटली, आन् एक जादा निब चिंधीत गुंडाळलेली.

हितं मी रोज लिहायचे. लई मोठं काय न्हाई. डब्यांवर कागद चिकटवून नावं, जवस, कारळं, तीळ. कॅलेंडरच्या चौकटीत म्हस कवा फळली, सिलेंडर कवा लावला. आन् दुपारची भांडी झाली की जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार वळी, कसल्या बी. आज वांग्याला कीड लागली. आज नदीला जलपर्णीचा वास मारतोय. आज आत्यांचा गुडघा आन् आत्यांची जीभ दोन्ही सुजल्यात. कॅलेंडरचा कागद गुळगुळीत, शाई वाळायला येळ लावायची, मी फुंकर घालत बसायचे, आन् त्या ओल्या अक्षरावर पत्र्यातनं आलेलं ऊन चमकायचं. तेवढीच घटका माझी.

"तलाठीण आणलीय आपण घरात," आत्या शेजारणीला म्हणायच्या. "सातबारा लिहिती बसून."

आमचं मालक कंपनीत जात्यात, शिफ्टला. त्यांना त्या पेनाची गंमत वाटायची. "फोनमधी लिही की. आता नुसतं बोललं तरी त्यो लिहितोय."

"फोन तुमच्या खिशात असतोय," मी म्हणायचे.

सातव्या महिन्यात शाई तळाला गेली. मी जड, मला कुठं जाता येतंय? मालकांना तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणलं, इसरलो. दुसऱ्यांदा म्हणलं, आता कुणी शाई ठिवत न्हाई दुकानात. तिसऱ्यांदा रिफिलचे तीन पेन आणले, पाकिटातले. "घे. एक तुला, एक आईला, एक पोराला."

पोरगी झाली. माहेरी कोण करणार म्हणून सासरीच बाळंतपण, सरकारी दवाखान्यातनं तिसऱ्या दिवशी घरी आले. पाचव्या दिवशी आत्यांनी पाट्यापुढं मालकांचा कंपनीचा पेन ठिवला, वर कंपनीचं नाव छापलेलं. मी बाजंवरनं म्हणलं, "त्यो नगं."

"का? सटवाई नापास करती व्हय ह्याला?"

"उद्या कपाळावर कंपनीचं नाव लिवून जाईल. माझा ठिवा."

भांडण नगं म्हणून आत्यांनी कंपनीचा पेन उचलला. मी बाटली तिरकी करून, ड्रॉपरनं तळ खरवडून खरवडून शाई काढली. अर्धाच भरला. मला ठाऊक व्हतं. हेच मला आतनं खातंय, मला ठाऊक व्हतं की अर्धा पेन रडतोय, पण माझ्या डोळ्यांम्होरं कोळसा व्हता. माझ्या लेकीला कोळसा न्हाई, शाई. एवढंच दिसत व्हतं मला. टोपण लावून ठिवला तर आत्या म्हणल्या, "टोपण काढ. सटवाईनं काय दातानं काढायचं?" काढलं. त्यांनी दिवा पेनाजवळ सरकवला, देवीला दिसावं म्हणून. वर पत्रा, दिवसभर तापलेला.

आन् सकाळी त्यो डाग.

आत्यांनी डोळं पुसलं आन् लगीच मालकांना म्हणल्या, "जा, सुभद्राआज्जीला आण. कपाळाचं काळं पोटावर उतरवून घ्यायचं. पाच डाग दिलं की तिथंच थांबतंय."

सुभद्राआज्जी म्हंजी गावातली डाग देणारी म्हातारी. बिब्ब्याच्या तेलात दाभण बुडवायचं, तापवायचं, आन् तान्ह्याच्या बेंबीभवती टेकवायचं. पाच ठिकाणी. माझी पोरगी सहा दिवसांची, तिची नाळसुदिक अजून पडली न्हवती. दवाखान्याची आशाताई दोनदा घरी येऊन बजावून गेलेली, डाग देऊ नका, त्यात पिकून पोरं जात्यात.

मी मालकांना म्हणलं, "जाऊ नगा. अहो, पाया पडते."

त्यांनी शर्ट वर केला. "हे बग. मला बी पाच हाईत. मेलो का?"

"कशापायी दिलं व्हतं?"

"पोट दुखायचं म्हणं."

"मग थांबलं का?"

त्यांनी आत्यांकडं बगितलं. आत्या म्हणल्या, "थांबलं न्हाई, पण वाढलं बी न्हाई." आन् हे गेलं की चपला घालून! फोन बगत बगत गेलं. माझ्या हाताला वरवंटा लागत व्हता, खोटं कशाला बोलू, मनात आलं व्हतं.

मी आत्यांना खरं सांगितलं. समदं. पेन अर्धा व्हता, दिवा जवळ व्हता, हवा तापली, शाई ढकलली गेली, ह्यात देवीचं काय न्हाई, आमच्या बाई सांगायच्या. हातानं हवेत चित्र काढून दावलं. आत्या थंड आवाजात म्हणल्या, "बाईनं सांगितलं आन् सटवाईनं ऐकलं, व्हय गं? नववी शिकलीस, देवीला शिकवतीस?"

मग सुभद्राआज्जी आली, तिच्या मागनं हे, आन् उंबऱ्यातच फोन बगत थांबलं. वाळक्या वांग्यागत म्हातारी, पण हात थरथरत न्हाई तिचा. पिशवीतनं बिब्बं काढलं, दाभण काढलं, चुलीपाशी बसली. तेलाचा वास सुटला, कडू, जळका, घशाला धरणारा. मी म्हणलं, "आज्जी, आशाताई म्हणती डाग द्यायचा न्हाई."

"आशाला सांग, तिच्या पोराला देऊ नगं. ह्या गावातल्या निम्म्या पोटांवर माझी सही हाय."

आत्यांनी पोरीला माझ्या मांडीवरनं उचललं. मी वढलं, त्यांनी वढलं, पोर मधी, मग मीच सोडलं, तिला दुखंल म्हणून. त्यांनी झबलं वर केलं. एवढंसं पोट, श्वासानं वरखाली हलतंय, बेंबीला वाळकी नाळ. दाभण लाल झालेलं. आज्जीनं पदरानं धरून उचललं. आन् माझ्या तोंडातनं निघून गेलं,

"शाई मी सांडली!"

दोघी थांबल्या.

"रातच्याला मी उठले. पेन मी घेतला. कागदावर मी लिहायला बसले, आन् मग सांडली. सटवाईनं न्हाई. मी."

खोटं. समदं खोटं. मी बाजंवरनं हललेसुदिक न्हवते, टाकं वढत व्हतं. पण खरं सांगितलं तवा ज्या आत्या हलल्या न्हाईत, त्या खोटं ऐकून पांढऱ्या पडल्या.

"काय लिहिलंस?" त्या कुजबुजल्या.

"दहावी पास."

"आन् पुढं?"

"पुढं लिहायच्या आत सांडली."

आज्जीचा दाभण धरलेला हात हवेतच. मग ती हसायला लागली, दात न्हाईत, नुसतं हिरड्यानं हसली. "आगं बाई! देवीच्या हातातली लेखणी घेतली की गं हिनं! आता म्या काय उतरवू? ह्यो डाग सटवाईचा न्हाई, तुझ्या सुनंचा हाय. सुनंला डागायचं असंल तर सांग, दाभण गरम हाय."

आत्यांनी दाभणाकडं पाठ केली. पोरीला माझ्या मांडीवर ठिवलं, जोरात न्हाई, पण ठिवलं असं की परत शिवणार न्हाईत. मग पाट्यापाशी गेल्या, पेन उचलून पाट्यावर आडवा घातला आन् वरवंटा हाणला. एक. दोन. तीन. हिरवं प्लास्टिक मिठासारखं झालं. निब वाकून चुलीकडं उडाली. मी पोरीचं डोकं झाकून बसले व्हते. जवळपास पंधरा वरसं माझा हात व्हता त्या निबमधी, माझ्या हाताला वळलेली निब, ती अशी उडाली. पोरीच्या पोटावर हात ठिवला व्हता, गार, गुळगुळीत, कसला डाग न्हाई, आन् तेवढंच पुरं व्हतं त्या येळंला.

कागद मालकांनी नदीत सोडला. घरी येऊन म्हणलं, "तू पण ना." बास. एवढंच बोलता येतंय त्यांना.

हे मी त्यांनीच आणलेल्या रिफिलच्या पेननं लिहितीय, पाकिटातला तिसरा, "पोराचा". अक्षर पार कुणाचं तरी वाटतंय. हात दुखतोय, दाबून लिहावं लागतंय. शाईपेन असता तर आत्तापतुर चारदा थांबून निब पुसली असती, आन् त्या थांबण्यात राग जरा वाळला असता. ह्या पेनला थांबायला लागत न्हाई. राग बी थांबत न्हाई.

पोरगी साडेचार महिन्यांची झाली. हसती, पालथी पडती, पोट साफ. पण आत्यांनी गावभर सांगितलंय. पाणवठ्यावर बाया गप व्हत्यात मी आले की. मागं तिला सर्दी झाली तर आत्या म्हणल्या, "लिहिलंयस ना तू? तूच निस्तर." गेल्या आठवड्यात बाजंवरनं घसरली, गुडघ्याला खरचटलं, तरी तेच. उद्या ती शाळंत मागं पडली, तिचं लगीन जमंना, जमलेलं मोडलं, साधी ठेच लागली, तरी बोट माझ्याकडंच वळणार. देवीनं लिहिलेलं असतं तर कुणी कुणाला बोललं नसतं. माझ्या एका वाक्यानं तिच्या जन्माचं समदं वाईट माझ्या नावावर आलं, आन् चांगलं झालं तर ते देवीचं.

आन् मला भ्या वाटतंय. तुम्हाला हसू येईल, पण वाटतंय. दिवसा वाटत न्हाई, पोरगी निजली आन् तिच्या कपाळाकडं बगत बसले की वाटतंय. सटवाई खरंच आली असंल, आन् तिला पेन गळका मिळाला असंल, आन् ती तशीच गेली असंल, काय न लिहिता, तर? आन् नसंलच ती कुठं, तर मग माझी आई, मी, आम्ही समद्याजणी कुणाला भीत आलो एवढी वरसं?

तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणाल, खरं बोलायचं, समजवायचं. मी समजावलं व्हतं. चित्र काढून. लाल दाभण, पोर त्यांच्या हातात, नवरा उंबऱ्यात फोन बगतोय, आन् तुमच्यापाशी एवढाच एक श्वास. खरं अगोदरच सांगून झालेलं, ते कुणी घेतलं न्हाई. सांगा आता मला, माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?